आमच्या गावच्या आशाताईंना, कोयता निघायच्या आधी कोरोना लसीचा दुसरा डोस मिळवून दिल्याबद्दल

ताई, नमस्कार.

मागच्या आठवड्यात (मे २०२२) बातमी वाचली, जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांवर आशांचा सन्मान केला, ग्लोबल हेल्थ लीडर्स अवॉर्ड का कायसं नाव आहे. मी लगेच आईला फोन लावला, म्हटलं आपल्या ताईंना अवॉर्ड मिळालंय. आई म्हणाली, "कुठलं काय, आत्ताच तर गेली हिथून उन्हातान्हात, तीन महिन्याचे पैशे आले नाहीत म्हणत होती." त्यामुळं म्हटलं जिनिव्हावाल्यांचं झालं, आता आपण लिहू. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तुम्ही दोन हात जोडून मोकळ्या झाला असता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय, बाकीच्यांनाही कळू दे.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, कोणी कोल्हापूर सांगलीकडं, कोणी कर्नाटकात बेळगावकडं. नवरा बायको मिळून एक कोयता, असे पंधरा वीस कोयते मिळून टोळी, त्यांचा मुकादम. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही, आणि एक दिवस काम बुडालं की खाडा, त्याचे पैसे उलटे आपल्याच अंगावर. माझे आईबाप पण त्यातलेच, मी शिकलो आणि पुण्याला कंपनीत लागलो तरी त्यांचा कोयता काही सुटला नाही. कोरोनात वर्क फ्रॉम होम मिळालं म्हणून मी गावाकडं होतो आणि म्हणूनच हे सगळं डोळ्यानं बघितलं.

२०२० च्या त्या माझे कुटुंब माझी जबाबदारी सर्व्हेच्या वेळेस तुम्ही तोंडाला स्कार्फ बांधून, हातात ऑक्सिमीटर आणि ती कपाळाला लावायची गन घेऊन घरोघर फिरायचात ना, तेव्हा लोक तुम्हाला बघून दारं लावायचे. बोटाला चिमटा लावू द्यायचे नाहीत, म्हणायचे ही नाव लिहून नेते आणि मग गाडी येते उचलायला. तुम्ही बाहेरूनच विचारायचात, खोकला आहे का, ताप आहे का, आणि पुढच्या घरी. गावात त्यावेळी तुम्हाला कोणी धड पाणी पण विचारत नव्हतं हे मला आता लिहिताना पण कसंतरी होतं.

तर लस. सगळ्यात आधी आमची आजी. मार्च २०२१ ला साठच्या वरच्यांचं चालू झालं, आजीचं एकच, "माझे दिवस भरलेत, मला काय करायची लस, पोरास्नी द्या." त्यात शेजारच्या गावात कोणी लस घेतली आणि आठ दिवसात गेला अशी बातमी फिरत होती, खरं खोटं देव जाणे. मी आजीला यूट्यूब दाखवत बसलो होतो, डॉक्टर लोकांचे व्हिडिओ, काही उपयोग नाही, ती मोबाईलकडं बघायची पण नाही. तुम्ही आलात, ओट्यावर बसलात, चहा घेतलात, लसीचं नाव काढलं नाही. मग आजीच्या दंडावरच्या त्या गोल वणाला हात लावून विचारलंत, "आजी, हे कधीचं ओ?" झालं, आजी सुरू. देवीची लस, लहान असताना टोचलेली, माणूस घरोघर यायचा, ती कणगीच्या मागं लपली होती, तिच्या बापानं ओढून काढलं. गल्लीतल्या एका घरात देवी निघाल्या आणि दोन लेकरं गेली ते पण तिनं सांगितलं, आम्हाला घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. आणि नंतर गावोगाव भिंतीवर लिहिलेलं असायचं म्हणे, देवीचा रोगी कळवा हजार रुपये मिळवा. तुम्ही सगळं ऐकून घेतलं, मग एवढंच म्हणालात की आता कोणी देवीनं मेलेलं ऐकलंय का आजी. एप्रिलमध्ये आजी तुमच्याबरोबर रिक्षात बसून आरोग्य केंद्रात जाऊन आली आणि येऊन वर आम्हालाच सांगायला लागली, काही होत नाही, मुंगी चावल्यागत लागतं.

मग तो अंतराचा घोळ. आधी कोविशील्डचा दुसरा डोस चार आठवड्यानं म्हणत होते, मार्चमध्ये सहा ते आठ आठवडे झालं, मे मध्ये बारा ते सोळा. आजीला जूनची तारीख सांगितलेली ती जुलैवर गेली. ठरवणारे दिल्लीत आणि शिव्या तुम्हाला, "तुमच्या सरकारलाच कळंना कधी द्यायची आन आम्हाला काय सांगती." त्याच मे महिन्यात १८ ते ४४ वाल्यांचं ऑनलाईन चालू झालं, आमच्या आरोग्य केंद्रासमोर शहरातल्या कार उभ्या, ज्यांचा नेट फास्ट त्यांनी स्लॉट उचलले, आणि गावातली पोरं झाडाखाली उभी राहून बघतायत. तुम्ही नुसत्या कपाळाला हात लावून उभ्या होत्या. मग १२ तारखेला ते पण बंद पडलं, लसच नाही म्हणून.

आता आईचं सांगतो, आईला विचारूनच लिहितोय. आई बाबा एप्रिलच्या शेवटी कारखान्याहून परत आले. बाबा तयार होते, आई नाही. आजीचं नाही म्हणणं भीतीचं होतं, आईचं तसं नव्हतं. आईची गर्भाची पिशवी काढलेली आहे, पस्तिशीच्या आतच. पोटात दुखतं म्हणून एका खाजगी दवाखान्यात गेली होती, तिथं सांगितलं काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल, उचलीतले पैसे घालून ऑपरेशन केलं आणि तेव्हापासून कंबर धरून ऊस तोडते. असं आमच्याकडं काही एकटीचं नाही, २०१९ ला सरकारी समितीनं जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा सर्व्हे केला त्यात १३ हजारांच्या वर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पेपरात आलं, चर्चा झाली, विषय संपला. तर अशा बाईला लसीचे फायदे काय सांगणार? "एकदा ऐकलं डॉक्टरचं, बास झालं" यावर माझ्याकडं काही उत्तर नव्हतं.

तुम्ही पण उत्तर दिलं नाहीत, तिच्याबरोबर खुरपायला बसलात. खरंच, त्या दिवशी तुम्ही आमच्या सोयाबीनमध्ये एक अख्खी ओळ खुरपलीत आणि बोलता बोलता सांगितलंत की जानेवारी फेब्रुवारीत आम्हाला पहिल्यांदा टोचलं, मला पण भ्या वाटत होतं, रात्री सणकून ताप आला, अंग असं ठणकलं की भाकरी थापता येईना, नवऱ्यानं भात टाकला, तिसऱ्या दिवशी परत सर्व्हेला. आई म्हणाली, "मंजे ताप येतोच की." तुम्ही म्हणालात, "येतो, खोटं कशाला सांगू, एक दिवसाचा रोज बुडणार बघ." मला वाटतं आईला तिथंच पटलं. आत्तापर्यंत दवाखान्यातल्या कोणीच तिला काय त्रास होणार ते आधी सांगितलं नव्हतं. टीव्हीवरचे सगळे लस सुरक्षित आहे लस सुरक्षित आहे एवढंच ओरडत होते, ताप येईल आणि मजुरी बुडेल हे फक्त तुम्ही बोललात. मग तुम्हीच सुचवलंत की बाजारच्या आधल्या दिवशी घे, बाजारादिवशी तसंही कोणी कामाला जात नाही, आणि तापाच्या गोळ्या अगोदरच पदरात बांधून दिल्यात.

मध्येच १५ जूनपासून तुमचा संप होता. लोकांनी तेव्हा पण बोलून घेतलं, ऐन कोरोनात संप करतात म्हणून. अहो कोरोनाच्या कामाचा केंद्राचा भत्ता महिन्याला १००० रुपये, दिवसाचे तेहतीस, त्यात तेव्हा पुण्यात एक चहा आणि वडापाव यायचा. कागदावर तुम्ही स्वयंसेविका म्हणे, म्हणजे पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला. संप करायला पाहिजेच होता, मी तर म्हणतो अजून आधी करायला पाहिजे होता.

१४ जुलैचं सेशन मला नीट आठवतं. शाळेत टेबल मांडलेलं, सिस्टर निळी पेटी घेऊन आलेल्या, आणि माणसं आठच. बाटलीत दहा डोस, एकदा उघडली की चार तासात संपवायची नाहीतर टाकून द्यायची, त्यामुळं सिस्टर म्हणाल्या दहा झाल्याशिवाय मी उघडत नाही, आणि त्यांचं पण बरोबर होतं, तेव्हा एकेक डोसची मारामार. आठातले दोघं लगेच उठायला लागले, म्हणाले राहू द्या मग उद्या बघू. तुम्ही आधी शाळेचं फाटक लावलंत (याचं हसू अजून येतं) आणि मला म्हणालात "यांना जाऊ देऊ नको, मी आलेच." वीस मिनिटात नाल्याकडच्या शेतातून दोघांना घेऊन आलात, एकाच्या पायाला अजून चिखल होता, आधार कार्ड घरी. मी पळत जाऊन त्याच्या बायकोकडून आधार आणलं. आई नऊ नंबरला बसली, डोळे गच्च मिटून, सुई कधी गेली तिला कळलंच नाही, नंतर म्हणे "झालं?"

रजिस्ट्रेशनला गावात निम्म्या लोकांकडं फोन नाही, असला तर रिचार्ज नाही. एका नंबरवर चारच नावं बसायची, त्यामुळं माझ्या नंबरवर काका काकू आणि शेजारचे दोघं म्हातारे. त्यातले एक बाबा नंतर साध्या म्हातारपणानं गेले, त्यांचा दुसरा डोस बाकी आहे असे मेसेज मला कितीतरी दिवस येत होते.

आणि ती तुमची वही, लाल कव्हरची, कोपरे दुमडलेली. इथं खरं कौतुक आहे. सगळे पहिला डोस झाला की फोटो काढून मोकळे, टार्गेट पूर्ण. तुम्ही मात्र प्रत्येक नावापुढं ८४ दिवस मोजून तारीख टाकली होती आणि त्याच्यापुढं पेन्सिलनं टोळी कधी निघणार, कुठल्या कारखान्याला, मुकादमाचा नंबर. हे तुम्हाला वरून कोणी करायला सांगितलं नव्हतं, मी विचारलं होतं. वरच्या फॉर्ममध्ये असा रकानाच नाही, लाखो माणसं जिल्ह्यातून सहा महिने बाहेर असतात तरी नाही. आईबाबांची तारीख ६ ऑक्टोबर आणि टोळी निघणार दसऱ्याच्या आधीच अशी कुणकुण लागली तर तुम्ही सरळ मुकादमाच्या दारात. तो म्हणाला कारखान्याची गाडी माझ्यासाठी थांबत नाही. तुम्ही म्हणालात, "फडात माणूस आजारी पडला तर उचल कुणाची अडकते, तुमची का माझी?" तो गप्पच झाला, आणि नंतर म्हणे बाकीच्या दोन मुकादमांना पण त्यानंच सांगितलं. ८ ते १४ ऑक्टोबर राज्यात ते मिशन कवच कुंडल चालू होतं, लस पण भरपूर आलेली, नवरात्राचे दिवस, उपास धरलेल्या बायका म्हणायच्या उपाशीपोटी कसं टोचायचं तर तुम्ही पिशवीतून राजगिऱ्याचे लाडू काढले. दसरा १५ ला होता. टोळी दोन दिवसांनी निघाली, दुसरा डोस घेऊन.

ज्यांची तारीख पुढची होती त्यांना तुम्ही कागद करून दिले, नाव, लसीचं नाव, पहिल्या डोसची तारीख, दुसरी कधी, रजिस्टर केलेला मोबाईल नंबर, आणि सांगितलं हा रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवा, लस देशात कुठंही मिळते. काकाला कानडी एक अक्षर येत नाही. बेळगावकडं फडावरून तो तिथल्या दवाखान्यात गेला, कागद पुढं केला, तिथल्या सिस्टरनं बघितलं, मान हलवली आणि टोचून दिलं. मला मीटिंगमध्ये असताना फोन, "झालं बघ, त्या बाईनं कागद वाचून आपल्या ताईचं अक्षर चांगलंय असं काहीतरी म्हटलं वाटतं." आता ती कानडीत काय म्हणाली ते काकाला कळलं कसं ते विचारू नका.

आमच्या घरात सगळे आहेत, ताई. आजीचा बूस्टर पण झाला. फक्त लसीमुळंच सगळे राहिले असं मी म्हणत नाही, तेवढं मला पण कळतं, पण जानेवारीत तिसऱ्या लाटेत सगळी टोळी खोकत होती आणि एकालाही दवाखान्यात न्यावं लागलं नाही हे आईनं स्वतः सांगितलंय.

जूनमध्ये पेरणीला येतोय, लॅपटॉप घेऊन. तीन महिन्यांचा जो मोबदला अडकलाय त्याचा कामानिहाय हिशोब त्या लाल वहीतून काढून ठेवा, कुठलं काम, किती घरं, कुठली तारीख. अर्ज मी टाईप करतो, तालुक्याला आपण बरोबर जाऊ, पोच घेतल्याशिवाय निघायचं नाही. आणि त्या दिवशी जेवायला आमच्याकडंच, आईनं सांगितलंय, नाही म्हणायचं नाही.

तुमचा,
मारुतीच्या पारामागच्या घरातला, शाळेच्या फाटकावर पहारा दिलेला