जनजागृती मोजायची कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० ऑक्टोबर, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन, जवळ आला की पुण्यात व्याख्यानांची रीघ लागते. आमच्या सिंहगड रस्त्यावरच्या ज्येष्ठ नागरिक संघातही एक झाले. शेवटी चहाबरोबर कागद फिरला : 'व्याख्यान आवडले का? आवाज नीट ऐकू आला का?' सगळ्यांनी 'हो'वर खूण केली आणि जनजागृती झाली!

ऑस्ट्रेलियातील अँथनी जॉर्म आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये 'मानसिक आरोग्य साक्षरता' ही संकल्पना मांडली. मानसिक आजार ओळखायला, हाताळायला आणि टाळायला उपयोगी पडणारी माहिती आणि समजुती, असे दोन्ही त्यांनी त्यात धरले. मोजायची रीतही साधी होती. आजाराचे नाव न घेता रुग्णाचे वर्णन वाचून दाखवायचे आणि विचारायचे, याला काय झाले असेल, मदत कोणाची घ्यावी?

पुण्यात वर्णन इथलेच हवे. धायरीतली पंचेचाळिशीची बाई; पहाटे तीनला जाग येते, स्वयंपाकात लक्ष नाही, भिशीला जाणे बंद, अंगदुखीच्या गोळ्या चालू. हिला काय सांगाल? थायरॉइड तपासा (ते तपासावेच), कोकणात जाऊन या, नामस्मरण करा, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. १४४१६ हा 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक २०२२ पासून आहे. तो किती जण सांगतील?

समजुतींचे मोजमाप अधिक अवघड. २०१५ मधल्या ३५ प्रश्नांच्या एका प्रश्नावलीत विचारले आहे, की मानसिक आजार असलेली व्यक्ती लग्न होऊन तुमच्या घरात आली तर तुमची कितपत तयारी असेल? आमच्या संघात हे विचारले असते, तर 'हो'वर इतक्या भराभर खुणा झाल्या नसत्या.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे आढळले आणि बहुतेक आजारांत निम्म्याहून कितीतरी अधिक रुग्ण उपचारांविना होते. ते झाले १२ राज्यांत. महाराष्ट्र त्यात नव्हता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने जनजागृतीची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. मग महापालिकेने मोहिमेआधी आणि नंतर सहा महिन्यांनी असे एखादे वर्णन घरोघरी वाचून दाखवावे आणि उत्तरे प्रभागवार जाहीर करावीत. काम आशा सेविकांकडेच जाणार हे उघड आहे, तेव्हा त्यांचा मोबदला आधी ठरवावा. फुकटची कामे त्यांच्या माथी आधीच पुष्कळ आहेत.

– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे