घरापुरते भात

फोंडा, १२ मे

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

यंदा सरदाचे, म्हणजे पावसाळी भाताचे, पीक घ्यायचे नाही, सगळे शेत पडीक ठेवायचे, असे बाबांनी ठरवल्याचे कळले. नांगरणी, लावणीची मजुरी आणि कापणीच्या यंत्राचे भाडे धरले तर आपला तांदूळ बाजारातल्या तांदळापेक्षा महाग पडतो, हा बाबांचा हिशेब खोटा नाही. परंतु तो विकणाऱ्याचा हिशेब आहे, आणि आपल्या घरातून तांदळाची गोण विकायला गेल्याचे मला तरी आठवत नाही.

मी कोठीच्या बाजूने मांडणी करून पाहिली. दोन्ही वेळा भात आणि सकाळी पेज, म्हणजे तुम्हा दोघांना महिन्याला साधारण २० किलो आणि वर्षाला २४० किलो तांदूळ लागतो. भरडल्यावर भाताचा दोन-तृतीयांश तांदूळ हाती येतो असे धरले, तर चार क्विंटल भात पुरेसे होते. आणि आपल्या शेतात ज्योती जातीचे भात चांगले आले की १,००० चौरस मीटरमध्ये तेवढे निघते. म्हणजे विहिरीजवळचा एक कुणगा, म्हणजे शेताचा एवढा तुकडा, केला तरी वर्षाची सोय होते. बाकीच्या शेताचा भार उचलायला मी मुळीच सांगत नाही.

रेशनचे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते, हे खरे. पण माणशी ५ किलोप्रमाणे दोघांचे १० किलो होतात, म्हणजे गरजेच्या निम्मे. शिवाय त्या पांढऱ्या तांदळाची पेज बाबा किती आवडीने पितात, ते आईला विचारा! उकडलेले भात चटईवर पसरून, मधूनच दाताखाली दाणा फोडून ते पुरते वाळले की नाही हे ठरवणारी आई बाजारच्या गोणीवर समाधानी राहील, असे मला वाटत नाही.

मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले, बेळगावची भाजी येईना आणि किराणा दुकानेही उघडत नव्हती, तेव्हा इथे आम्ही डाळीच्या पिशवीसाठी वणवण केली. तुमच्याकडे मात्र उकडे तांदूळ, चवळीसारखे अळसांदे, कुळीथ, कोकमाची सोलां, सुकी मासळी आणि परसातली भाजी असल्यामुळे चूल नेहमीसारखी पेटत होती. दर मे महिन्यात आई पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, जी तयारी करते, तिच्या मुळाशी शेतातला तांदूळ आहे. तो गेला की बाकीच्या बरण्या नुसत्या तोंडी लावण्यापुरत्या उरतील.

उरलेले शेत शेजाऱ्यांना वाट्याने द्यायला बाबा का कचरतात, ते मला ठाऊक आहे. गोव्याच्या कूळ कायद्यातल्या १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमीन मिळाली म्हणूनच आजोबांच्या नावावर हे शेत लागले, आणि आज वाट्याने कसणारा कूळ म्हणून हक्क सांगेल अशी धास्ती आपल्यालाच वाटते, याचे मला थोडे हसू येते. तुमची भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. पण गावोगावी शेते ओस पडण्यामागे मजुरांच्या टंचाईइतकीच हीही गोष्ट आहे. शेत द्यायचे नसेल तर निदान त्यात हिरवळीच्या खतासाठी ढैंचा पेरून तो जमिनीत गाडावा आणि पाऊस सरल्यावर ओलीवर अळसांदे करावेत. नुसते पडीक ठेवले तर त्यातल्या गवतात रानडुकरे येऊन बसतील आणि मेरेपलीकडच्या शेजाऱ्याचे पीकही जाईल. एक शेत ओस पडले की पाठोपाठ दुसरे पडते, हे आपल्या वाड्यावर आपण पाहिलेच आहे.

मजुरांसाठी अडून राहू नये. लावणीऐवजी मोड आणलेले बी चिखलात विखरून पेरले तर तरवा, म्हणजे रोपे, काढण्याचे आणि वाकून लावण्याचे काम वाचते. मात्र बेणणी, म्हणजे तण काढणी, वाढते, आणि तिच्यासाठी आम्ही दोघे रविवारी येऊ. आईने चिखलात उतरायचे नाही, ही माझी अट आहे.

रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी विभागीय कृषी कार्यालयात बियाण्याची चौकशी करावी लागेल, तेव्हा कृषी कार्ड शोधून ठेवावे. घरचे बी किती शिल्लक आहे आणि त्याला कीड लागली आहे का, हे आईने पाहून कळवावे, म्हणजे किती विकत घ्यायचे ते ठरवता येईल. पॉवर टिलरवाल्याला मी फोन करते.

आपली,
शुभदा