उतरल्यावरच्या तुझ्यासाठी

प्रिय नलू,

तुझं पत्र आलं आणि सोबतचं तिकीटही उघडून पाहिलं. बाकीचं सगळं नंतर. आधी तिकिटाचं बोलते, कारण ते आजच्या आज बदलायला हवं.

तुझं पहिलं विमान इस्तंबूलला पोचतंय ते आयएसटी विमानतळावर, आणि लिस्बनचं दुसरं विमान सुटतंय ते एसएडब्ल्यू वरून. हे दोन वेगळे विमानतळ आहेत गं. पहिला युरोपच्या बाजूला, दुसरा, साबिहा गोकचेन, आशियाच्या बाजूला. मध्ये बॉस्फरसची सामुद्रधुनी आणि अख्खं शहर. तुझ्या हातात साडेतीन तास आहेत आणि तेवढ्यात तुला उतरून इमिग्रेशन पार करायचंय, बॅग घ्यायचीय, शहर ओलांडायचंय, पुन्हा चेक-इन, पुन्हा सिक्युरिटी. नाही जमायचं. विमानतळाबाहेर पडायचं म्हणजे तुर्कस्तानात प्रवेश करायचा, म्हणजे व्हिसाचा प्रश्नही आलाच. त्यात दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली आहेस. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी तुला ओळखही दाखवणार नाही. थोडे पैसे जास्त जाऊ देत, पण दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर घे. मग बॅग सरळ लिस्बनपर्यंत जाते, आणि त्यांच्या उशिरामुळे पुढचं विमान चुकलं तर तुला पोचवायची जबाबदारी त्यांच्यावर राहते.

विमानतळाची ती तीन अक्षरं वाचायची सवय लाव. तिकिटावर नुसतं शहराचं नाव बघून भागत नाही. टोकियोचा नारिता विमानतळ शहरापासून साठेक किलोमीटर लांब आहे आणि हानेदा अगदी शहरातच. लंडनच्या नावाने तर पाच-सहा विमानतळ चालतात. चेक-इन करताना बॅगेला जी पट्टी लावतात तिच्यावरही हीच अक्षरं असतात. तिथे एलआयएस, म्हणजे लिस्बन, वाचल्याशिवाय काउंटर सोडू नकोस, आणि त्या पट्टीचा जो छोटा तुकडा तुला देतात तो पासपोर्टच्या मागच्या कव्हरला चिकटवून टाक. कशासाठी ते पुढे सांगते.

आता तुझा खरा प्रश्न: एकटीला भीती नाही का वाटत?

वाटते. पहिल्या दोन-तीन प्रवासांत तर पोटात गोळाच असायचा. पण कशाची भीती वाटते हे मला बऱ्याच उशिरा कळलं. एकटीच्या प्रवासात "हेच ना आपलं गेट?" असं विचारायला शेजारी कुणी नसतं. दोघी असलो की एक चुकते तेव्हा दुसरी सावरते. एकटीला आपली चूक आपणच पकडावी लागते, आणि तीही नेमकी डोकं चालत नसतं तेव्हा. विमानात आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका कमी असतो, हवा कोरडीठक्क, आणि झोप नाही. अशा अवस्थेत दहा-बारा तास काढून जी बाई दारातून बाहेर येते, ती घरी बसून बेत आखणारी बाई नसतेच. तिला साधी बेरीज जमत नाही. ती पहिल्या दिसेल त्या टॅक्सीत बसते. पासपोर्ट काउंटरवर विसरते.

म्हणून मी आता सगळी तयारी त्या दमलेल्या बाईसाठी करते. तिला काहीही ठरवावं लागू नये, तिने फक्त वाचावं आणि करावं. निघायच्या दोन दिवस आधी, डोकं ताजं असताना, एका कागदावर मोठ्या अक्षरात तिच्यासाठी लिहून ठेवते. कागदच बरं का, फोन नव्हे. राहण्याच्या जागेचा पत्ता तिथल्या लिपीत आणि फोन नंबरासकट, परतीच्या तिकिटाची तारीख, विम्याचा नंबर, आणि विमानतळापासून खोलीपर्यंतचा रस्ता एकेक पायरी करून. इमिग्रेशनच्या खिडकीवर बहुधा एवढंच विचारतात: कशासाठी आलात, कुठे राहणार, कधी परत जाणार. आणि त्या हॉलमध्ये पुष्कळ ठिकाणी फोन काढू देत नाहीत.

विमानतळाच्या वायफायवर तर मुळीच विसंबू नकोस. कित्येक ठिकाणी ते सुरू करायला मोबाइलवर कोड येतो, आणि तो येतो आपल्या घरच्या नंबरावर, जो तिथे बंद असतो! मी एकदा या गोल चक्रात अर्धा तास अडकले होते. ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम, घेणार असशील तर घरूनच टाकून घे, कारण ते बसवायलाच इंटरनेट लागतं. आणि घरच्या नंबरावर निदान मेसेज येतील एवढं रोमिंग चालू ठेव. बँकेचा ओटीपी तिथेच येणार. नकाशा डाउनलोड करून ठेव, तो नेटशिवाय चालतो.

पासपोर्टची मुदत बघितलीस ना? बरेच देश प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक मागतात. तुझ्या शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांत परत निघायच्या तारखेनंतर तीन महिने पुरतात, पण पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. मुदत कमी असेल तर विमान कंपनी तुला चढूच देणार नाही. तिकडून परत पाठवलं तर आणायचा भार त्यांच्यावर येतो, म्हणून चेक-इनवाले इतकं निरखून बघतात. त्यांच्यावर रागावू नकोस.

आता बॅगेची गोष्ट. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

मला विमान बदलायला फक्त पन्नास मिनिटं होती. मी धावले आणि पोचले. बॅग नाही पोचली. मुक्कामाच्या गावी सामानाच्या पट्ट्याजवळ उभी होते. एकेक जण आपापली बॅग उचलून जात होता. गर्दी पातळ झाली, मग आम्ही चौघे, मग दोघे. शेवटी पट्ट्यावर एक घडी केलेली बाबागाडी तेवढी फिरत राहिली. दर फेरीला तिचं एक चाक पट्ट्याच्या कडेला घासून टक् असा आवाज करायचं. तो आवाज अजून कानात आहे माझ्या. मग पट्टाच थांबला, दिवा विझला, आणि त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मी एकटी. रडू आलं गं. बॅगेत तसं काही मोलाचं नव्हतं, पण "आता काय करायचं?" हे कुणाला म्हणायचं, तेच कळेना.

तेव्हा हातात होता तो पट्टीचा तुकडा. हॉलमधून बाहेर न पडता तिथल्याच सामानाच्या तक्रारीच्या काउंटरवर गेले. त्या बाईने तुकडा मशीनवर धरला आणि दोन मिनिटांत सांगितलं, बॅग मागच्याच विमानतळावर आहे, उद्या येईल. तिने पीआयआर म्हणतात तो तक्रारीचा फॉर्म भरून नंबर दिला. हा नंबर घेतल्याशिवाय हॉल सोडायचा नाही, नलू. एकदा बाहेर पडलं की परत आत येता येत नाही आणि पुढे सगळं अवघड होतं. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू असतो. त्यात बॅग मोडली-फाटली तर हातात आल्यापासून सात दिवसांत, आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करायची असते. एकवीस दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरतात. मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांच्या, साबणाच्या पावत्या जपल्या तर तो खर्चही मागता येतो. माझी बॅग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात आली. तेव्हापासून औषधं, चष्मा, चार्जर आणि कपड्यांचा एक जोड पाठीवरच्या सॅकमध्ये असतो, कितीही जड होऊ दे.

सिक्युरिटीचं फार डोक्यात घेऊ नकोस. पातळ पदार्थ शंभर मिलिलिटरच्या बाटल्यांत, हा नियम २००६ पासून आहे. काही ठिकाणी नवी स्कॅन मशीन आल्यापासून तो सैल झालाय, पण येताना तुझ्या वाटेत कुठलं मशीन असेल ते आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा शंभरच धर. पॉवर बँक मात्र नेहमी हातातल्या बॅगेत. शंभर वॉट-अवर क्षमतेपर्यंतची सहसा चालते. आणि विमान भरलं म्हणून ऐन दारात तुझी हातातली बॅग खाली ठेवायला घेतली, तर आधी पॉवर बँक काढून घे. तेव्हा नेमकं हे विसरायला होतं.

उतरल्यावर पाट्या बघत चाल, माणसांच्या मागे जाऊ नकोस. पुढची माणसं कनेक्टिंग विमानाला निघालेली असू शकतात. अॅमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर १९६७ साली बेनो विसिंग नावाच्या डिझायनरने पिवळ्या पाट्यांची पद्धत बसवली. आज कितीतरी विमानतळांवर पिवळ्यावर काळी अक्षरं दिसतात. मला तो पिवळा रंग दिसला की फार धीर येतो. हजारो मैलांवर कुणीतरी दमलेल्या माणसाचा विचार करून हे केलंय असं वाटतं.

बाहेरच्या हॉलमध्ये आलीस की लगेच निघू नकोस. भिंतीकडे पाठ करून दहा मिनिटं बस. पाणी पी, पासपोर्ट जागेवर ठेव, कागद काढ. त्या दाराशी "टॅक्सी? टॅक्सी?" करत जो आपणहून तुझ्याकडे येईल, त्याच्याबरोबर जायचं नाही. ज्याच्याकडे आपण चालत जातो, गणवेशातला, काउंटरमागचा, त्यालाच विचारायचं. एवढा एक नियम मी कधी मोडलेला नाही. पैसे काढताना किंवा कार्ड देताना मशीनने "तुमच्या चलनात आकारू का?" असं विचारलं, तर नाही म्हण, तिथल्या चलनातच घे. त्या सोयीच्या दरात ते आपलं मार्जिन लावतात.

लिस्बनला तुझं नशीब चांगलं आहे. विमानतळ शहरातच आहे आणि मेट्रोची लाल लाइन तिथूनच सुटते. अलामेडाला उतरून हिरवी लाइन घेतलीस की जुन्या शहराच्या मध्यात. पण तुझ्या कागदावर स्टेशनच्या पुढे आणखी एक गोष्ट लिही: स्टेशनचं कुठलं दार. हे मला टोकियोने शिकवलं. तिथे २००४ पासून भुयारी स्टेशनांना अक्षर आणि आकडा दिलाय. मारुनोउची लाइनचं शिंजुकू म्हणजे एम ०८. वाचता येवो न येवो, आकडा बघून उतरायचं. मी अगदी बरोबर उतरले आणि वाटलं, पोचले! पण शिंजुकूला दोनशेच्या वर दारं आहेत. मी भलत्याच दाराने वर आले. रात्र, पाऊस, चारी बाजूंना दिवेच दिवे, फोनमधला निळा ठिपका कधी या गल्लीत तर कधी त्या गल्लीत. चाळीस मिनिटं भिजत फिरले आणि नंतर कळलं, माझी खोली स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला सहा मिनिटांवर होती. शेवटी परत खाली गेले, स्टेशनातल्या मोठ्या नकाशासमोर उभी राहिले, दाराचा नंबर शोधला आणि मग निघाले. वाट चुकली की पुढे पुढे जाण्यापेक्षा जिथपर्यंत खात्री होती तिथे परत जावं, हे त्या रात्री पक्कं झालं.

जमलं तर उजेडात पोचशील असं विमान घे. नवं शहर रात्री फार मोठं वाटतं. पहिल्या दिवशी काही बघायचं ठरवू नकोस, खोलीभोवती फक्त एक फेरी मार. आणि पहिल्या रात्री दोन-तीनला टक्क जाग येऊन उगीच रडावंसं वाटलं तर घाबरू नकोस. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानेच सरकतं, हा त्याचाच खेळ. पश्चिमेला जाताना त्रास कमी होतो, येताना जास्त. काही अडलंच तर पोर्तुगालमध्ये, खरं तर साऱ्या युरोपीय संघात, ११२ लाव.

नवं तिकीट काढलंस की मला पाठव. मी तीन अक्षरं, तारखा, मधला वेळ सगळं बघून देते. आणि पट्ट्याजवळ उभी असशील तेव्हा मेसेज कर, कितीही वाजलेले असू देत. बॅग येईपर्यंत मी जागी आहे.

तुझीच,
मंदा

ता. क. तुझं परतीचं विमान चौदा तारखेला ००:४० चं आहे. म्हणजे तुला विमानतळावर जायचंय ते तेरा तारखेच्या रात्री. खोली तू चौदापर्यंत घेतली आहेस ती राहू दे, पण कागदावर "तेराला रात्री नऊ वाजता निघायचं" असं आत्ताच लिहून टाक.