झेंडे अजून त्याच्याकडेच आहेत

कोल्हापूर,
२० जानेवारी २०२६

प्रिय दत्ता,

तिळगूळ घे, गोड बोल. सीझन चालू असताना रेफ्रीशी गोड बोलणारं दुसरं कोण भेटतंय? म्हणून आपणच एकमेकांना म्हणून घ्यायचं.

लेस्टरच्या तुमच्या रेफ्री सोसायटीच्या सभेचं वाचून जरा जळलोच. दर महिन्याला बाहेरचा वक्ता, पडद्यावर क्लिपा, वर चहा-बिस्किटं. आपली सभा अजून त्याच खोलीत आहे, त्याच कुरकुरणाऱ्या पंख्याखाली. खुर्च्या नऊ, माणसं बावीस. पण क्लिपा आपणही बघतो हां! एका पोराच्या मोबाइलवर, सगळ्यांनी माना घालून. गेल्या वेळी अल्वारेझची ती पेनल्टी लावली होती, मार्च २०२५ मधली, ॲटलेटिको-रिअलची. पाय घसरला, चेंडू दोन्ही पायांना लागला आणि गोल रद्द. जूनमध्ये खुलासा आला की दोनदा लागणं चुकून झालं असेल आणि गोल झाला असेल, तर किक परत घ्यायची. आपल्याकडं निम्म्या फायनली टायब्रेकरवर जातात, त्यामुळं 'चुकून' कशाला म्हणायचं यावर तासभर भांडण. चहा गार झाला. मिटलं काहीच नाही.

फिटनेस टेस्टचं विचारलंस. झाली. पंचाहत्तर मीटर पळा, पंचवीस चाला, असं चाळीस वेळा. सत्तेचाळिसाव्या वर्षी एकतिसाव्या फेरीला पोटरी धरली. तरी शेवटपर्यंत ओढली. घरी येऊन सोफ्यावर पाय वर करून पडलो, तर बायको म्हणाली, "आता तरी शिट्टी ठेवा." मी पेपर तोंडावर घेतला.

खरं सांगायचंय ते वेगळंच. परवाच्या रविवारचं.

शाहू स्टेडियम, दोन पेठांचा सामना. संघांची नावं लिहीत नाही, तू ओळखशीलच. गॅलरी खचाखच. मी मध्ये, आणि लाइनवर आपल्या नव्या बॅचमधला एक पोरगा, वय एकोणीस. १-० झाल्यावर पुढं असलेल्या संघाचा गोलकीपर चेंडू पोटाशी धरून बसायला लागला. आता तो आठ सेकंदांचा नियम आलाय ना, जुलैपासून. आधीचा सहा सेकंदांचा पंचवीस वर्षं पुस्तकात होता, पण तू तरी कधी वाजवलास? मी नाही. कारण शिक्षा अशी की गोलच्या तोंडावर इनडायरेक्ट फ्री किक, अकरा जण गोललाइनवर भिंत करून उभे, आणि त्यातनं होणारी मारामारी आपण निस्तरायची. त्यापेक्षा "चल रे, सोड चेंडू" म्हणून ओरडलेलं बरं. आता सरळ कॉर्नर. चेंडू हातात पक्का आला की मनात मोजायचं, आणि शेवटचे पाच सेकंद हात वर करून बोटांनी दाखवायचे.

मी हात वर केला. पाच बोटं. गॅलरीतनं आवाज, "ह्यो कुणाला टाटा करालाय रं?" दुसऱ्याला वाटलं पाच मिनिटं वाढवली. गोलकीपर माझ्याकडं बघून हसला! एक बोट मिटलं, दुसरं मिटलं, मूठ झाली, आणि वाजवली.

आणि मी दाखवला चुकीचा कॉर्नर.

गोलकीपर ज्या बाजूला उभा असेल त्या बाजूचा कॉर्नर द्यायचा, हे सभेत मीच फळ्यावर चित्र काढून शिकवलेलं. तो होता लाइनमनच्या बाजूला. मी माझ्या डायगोनलवर, म्हणजे रेफ्री पळतो त्या तिरक्या रेषेवर, पलीकडं. हात आपोआप माझ्या जवळच्या कोपऱ्याकडं गेला. आठ जण अंगावर धावून आले. फक्त कॅप्टनशी बोलणार म्हणून बाकीच्यांना मागं सारतोय, तेवढ्यात लाइनकडं नजर गेली. पोरगा कॉर्नरच्या झेंड्याजवळ, हातातला झेंडा खाली त्याच्या बाजूच्या कॉर्नरकडं रोखून उभा. हलत नाही. मी मान हलवून 'इकडं' म्हणून खूण केली, तरी झेंडा तिथंच. दत्ता, त्याच्या मागं दहा फुटांवर जाळीला लटकून माणसं त्याच्या आईचा उद्धार करत होती. पोराचा हात कापत होता, झेंड्याचं टोक थरथरताना मला दिसत होतं. पण दिशा तीच.

मी निर्णय बदलला. कॉर्नर गेला साइड नेटमध्ये, म्हणजे रामायण घडलं ते फुकटच. त्यानंतर गंमत अशी की अख्खी गॅलरी माझ्याबरोबर मोजायला लागली. कुठल्याही गोलकीपरनं चेंडू धरला की "पाच! चार! तीन!" आणि विरोधी पेठेचे पाच सेकंद म्हणजे माझे दोन. एकानं घाबरून चेंडू थेट समोरच्या फॉरवर्डच्या पायात दिला. तुझी लई आठवण आली, तू असतास तर शिट्टी तोंडात धरून हसला असतास.

सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये मी त्याला म्हटलं, "माझं चुकलं, तुझं बरोबर." तो बूट सोडत होता. वर न बघता म्हणाला, "सर, पप्पा गॅलरीत होते."

शिरोलीला फाउंड्रीत काम करतात ते. पोराची पहिली मोठी मॅच म्हणून सुट्टी काढून आलेले, आणि बसले आपल्याच पेठेच्या लोकांत. सोमवारी संध्याकाळी माझ्या घरी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "सर, मी पण ह्याच गॅलरीत बसून तीस वर्षं रेफ्रीला शिव्या दिल्यात. काल माझ्या शेजारचा माणूस माझ्या बायकोवरनं शिव्या देत होता आणि मी मान खाली घालून ऐकत होतो. तो कोण आहे माझा, हे मला सांगता आलं नाही." मग थोडं थांबून, "तुमचा पोरगा का नाही करत हो रेफ्रीपणा?"

मी काय बोलणार? माझा पोरगा पुण्यात इंजिनिअरिंग करतोय आणि क्रिकेट बघतोय. गेल्या तीन बॅचमधली किती पोरं दुसऱ्या सीझनला परत आली ते मी त्यांना सांगितलं नाही. तू तिकडं इंग्लंडातल्या रेफ्रींच्या छातीवरच्या कॅमेऱ्यांचं लिहिलंस, २०२३ पासून गल्लीतल्या सामन्यांतही लावून बघतायत म्हणून. आपल्याकडं लावला तर आवाज बंद करूनच लावावा लागेल.

ह्याच पोरानं पहिल्या वर्गाला विचारलं होतं, "वर्ल्ड कपला आपलं कोण गेलंय का?" मी २००२ सांगितलं, तामिळनाडूचे कोमलेश्वरन शंकर, लाइनवर. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. तेव्हा ह्याचा जन्मही नव्हता.

म्हणून तुझ्याकडं काम आहे. तू त्याला फोन कर. मी नको, मी समजावलं की ते संघटनेचं बोलणं वाटतं. तुझ्या पहिल्या फायनलला तुझे अण्णा गॅलरीतनं उठून बाहेर गेले होते आणि खाऊगल्लीत मॅच संपेपर्यंत उभे राहिले, ते त्याला सांग. आणि जमलं तर त्याच्या पप्पांशीही बोल. त्यांना सल्ला देऊ नकोस, ऐकून घे फक्त. नंबर मेसेज करतो.

झेंड्यांची जोडी अजून त्याच्याकडेच आहे. त्यानं आणून दिली नाही, मी मागितली नाही. शनिवारी ड्यूट्यांची यादी लावायची आहे; लाइनच्या रकान्यात पेन्सिलीनं त्याचं नाव लिहून ठेवलंय.

मे महिन्यात येतोस तर बिनमण्याच्या शिट्ट्या पाच-सहा आण, इथल्या मण्यावाल्या पावसात भिजल्या की घसा बसल्यागत वाजतात. वहिनींना नमस्कार, पोरीला गोड पापा.

तुझाच,
रव्या

ता. क. पोटरी बरी आहे. बायकोला विचारलंस तर ती वेगळं सांगेल.