सूचना : तळाचा मासा घेण्याआधी

सभासदहो, मत्स्यटाकीसाठी तळाशी फिरणारा कॅटफिश (मिशीवाला मासा) घेताना आधी त्याचं तोंड बघा. मिशा आणि अंगावर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन रांगा असतील तर तो कोरिडोरास. बहुतेक जाती 5-7 सेंमीच्या, पण किमान सहाच्या टोळीतच त्या खुलतात. काचेला चिकटणारं चोषक तोंड असेल तर बहुधा प्लेको, आणि इथेच घात होतो! बोटाएवढं दिसणारं साध्या प्लेकोचं पिल्लू 30 सेंमीच्याही पुढे वाढतं. घरच्या टाकीसाठी ते कृपया घेऊच नका. ब्रिसलनोज हा छोटा प्लेको मात्र 12-15 सेंमीवर थांबतो. ‘हा मासा टाकी साफ ठेवतो’ म्हणून माशांची संख्या वाढवू नका, या माशांची विष्ठाही त्याच पाण्यात पडते. पाण्यातलं अमोनिया, नायट्राइट (विष्ठेपासून तयार होणारी विषारी द्रव्यं) शून्यावर नसेल तर नवा मासा आणू नका. जास्तीचा मासा नदी-तलावात कधीही सोडू नका, गटात कळवा.