तळमजल्यावरच्या काकूंस, उसण गेल्यावर

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "बस, चहा टाकते" म्हणून विषय बदलता. तीनदा झालं हे. म्हणून आता सगळ्यांदेखत लिहिते आहे.

रथसप्तमीला आपल्या गच्चीवर १०८ सूर्यनमस्कारांचा घाट घातला होता. वर्षभरात जिना चढण्यापलीकडे मी काही व्यायाम केला नव्हता, पण ग्रुपवर नाव देऊन बसले होते आणि माघार घ्यायची लाज वाटली. पहाटे साडेपाचला उठले, सहाला सतरंजीवर. एकसष्टाव्या नमस्काराला हात जमिनीला टेकले ते टेकलेच. कंबरेत अशी उसण भरली की वर येता येईना. दोघींनी धरून मला ओणवीच घरी आणली.

पुढच्या तासाभरात घरात प्रत्येकाला वैद्यकी सुचली. नवरा बर्फ घेऊन आला. जाऊबाईंनी फोनवर निरगुडीच्या पाल्याचा शेक सांगितला. कुणी म्हणालं, आठ दिवस फरशीवर उताणी पडून राहा. आणि सासूबाईंनी बी विंगमधल्या पायाळू मुलाला बोलावणं धाडलं; जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याचा पाय लागला की उसण जाते, अशी त्यांची समजूत. तो सातवीतला पोरगा मोजे काढून दारात उभा होता, तेवढ्यात तुम्ही आलात. मला वाटलं, आता तुम्ही सासूबाईंना चार शब्द सुनावणार. तुम्ही म्हणालात, "लाव रे पाय, पण हळूच हं, लाथ नको." त्यानं लाजत पाय लावला, सासूबाईंचं समाधान झालं, आणि पुढचा दीड महिना त्या तुमच्या बाजूने माझ्यावर पहारा देत होत्या. सरकारी हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात ३१ वर्षं अशीच काढली असणार तुम्ही.

मग सगळ्यांना खोलीबाहेर काढून प्रश्न विचारलेत. लघवी नीट होते ना? बसायच्या जागी बधिर लागतंय का? कळ गुडघ्याखाली उतरते का? ताप? शेवटी माझ्या पायाचा अंगठा बोटाने खाली दाबलात आणि म्हणालात, "आता हा वर उचल, माझ्याविरुद्ध." दोन्ही पायांचे अंगठे सारख्याच जोराने वर आले, तेव्हा कुठे तुम्ही खुर्चीवर टेकलात. "लघवी अडली असती, खाली बधिर असतं किंवा पायातली ताकद गेली असती, तर मी शेक सांगत बसले नसते, सरळ रिक्षा बोलावली असती." घरगुती उपायांआधी हे विचारायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं. उपाय सांगणारे खूप भेटले, विचारणाऱ्या तुम्ही एकट्या.

त्या दिवशी पोटऱ्या खुर्चीवर ठेवून पडायला शिकवलंत. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. बर्फाचं विचारलं तर "ज्यानं बरं वाटेल ते कर, बहुतेकांना शेक मानवतो." गोळी तेवढी डॉक्टरांना विचारून. उठताना आधी कुशीवर, मग पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताच्या रेट्याने अंग उचलायचं. शिंक येतेय असं वाटलं की ओट्यावर हात टेकून पाठ ताठ ठेवायची. ही शिंकेची युक्ती कुठल्या कागदावर लिहिलेली नसते, पण त्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त धाक शिंकेचाच होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला उठवलंत. मी चिडले होते, आज कबूल करते. सगळे पडून राहा म्हणत असताना तुम्ही दर तासाला पाच मिनिटं व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावत होतात. "पडून राहिलीस तर कंबर आखडते आणि भीती बसते. दोन्ही काढायला वेळ लागतो." मला एमआरआय काढायचा होता, त्यावरही तुमचं उत्तर तयार होतं: चाळिशीतल्या, कधी कंबर न दुखलेल्या माणसांचे फोटो काढले तरी साधारण निम्म्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या दिसतात. सहा आठवड्यांत उतार पडला नाही तर बघू, म्हणालात. वेळच आली नाही.

मुळात झालं काय, तेही तुम्हीच समजावलंत. एका नमस्कारात दोनदा वाकायचं, म्हणजे मी एकशेवीस वेळा तरी वाकले होते, आणि तेही झोपेतून उठल्या उठल्या. रात्री आडवं असताना चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो आणि तेव्हाच वाकणं कंबरेला जास्त जड जातं. मला पटेना. मुलाची उंची मांडतो त्या चौकटीवर सकाळी आणि रात्री पेन्सिलीने खूण करून घेतली. दोन रेघांमध्ये माझी करंगळी मावते, काकू! तेव्हापासून उठल्यावर पहिला तास मी वाकत नाही. केर नवरा काढतो. (ही सवय उसण गेल्यावरही मोडू दिलेली नाही.)

आणि ती वाटी. तिसऱ्या आठवड्यात मला रांगत्या बाळासारखं ओणवं करून, उजवा हात आणि डावा पाय लांब करायला लावलात, आणि कंबरेवर पाण्याने अर्धी भरलेली तुमची स्टीलची वाटी ठेवलीत. दहा अंक मोजेपर्यंत पाणी सांडायचं नाही. पहिल्या दिवशी सतरंजी भिजली. दहाव्या दिवशी फक्त हिंदकळलं. सासूबाई शेजारी बसून मोठ्यांदा अंक मोजायच्या आणि मला वाटतं, मुद्दाम सावकाश.

संध्याकाळचं अर्धा तास चालणं चालू आहे. परवा वाचलं, ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर अभ्यास झाला, २०२४ साली छापून आला. ज्यांना बेताबेताने चालायला लावलं, त्यांचं दुखणं उलटायला साधारण २०८ दिवस लागले, बाकीच्यांचं ११२ दिवसांतच. तुम्हाला वाचून दाखवलं, तर तुम्ही म्हणालात, "मग, मी काय सांगत होते?" आणि चहा टाकलात.

येत्या रथसप्तमीला बाराच घालणार आहे, तेही आठ वाजता, गच्चीवर ऊन आल्यावर. तुमच्यासाठी खुर्ची वर नेऊन ठेवते. मोजायला तुम्हीच बसा, सासूबाई नकोत.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची

ता. क. वाटी माझ्याकडेच आहे. बुडावर तुमच्या लग्नाची तारीख कोरलेली दिसली, म्हणून परत द्यायचं मनात होतं, पण सध्या रोज लागते.