ट्रान्सक्रिप्टची प्रत्येक ओळ वाचणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सादर नमस्कार वि. वि.

सप्टेंबरच्या अखेरीस आमचा मुलगा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये थेट तिसऱ्या वर्षाला दाखल झाला. प्लांट सायन्सेस हा त्याचा विषय आहे. ही बातमी त्याने तुम्हाला फोनवर सांगितलीच आहे आणि तुमचे आभारही मानले आहेत. तरीही हे पत्र मी सर्वांसमोर लिहीत आहे, कारण सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या आपल्या मराठी घरांमध्ये मुलांच्या कॉलेजातल्या अपयशाविषयी सहसा कोणी बोलत नाही, आणि त्यामुळे अशा वेळी एखाद्या जाणत्या माणसाने नेमकी कोणती मदत केली, हेही कोणाला कळत नाही.

आपली ओळख मंडळाच्या हळदीकुंकवात झाली तेव्हा मुलाची परिस्थिती अशी होती. हायस्कूलनंतर तो घराजवळच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात गेला, मनाविरुद्ध गेला, आणि पहिल्याच वर्षी तीन विषयांत त्याला एफ, म्हणजे नापासाचा ग्रेड, मिळाला. ग्रेडची सरासरी चारपैकी 2.0 च्या खाली गेली म्हणून कॉलेजने त्याला प्रोबेशनवर, म्हणजे सुधारण्याच्या ताकिदीवर, ठेवल्याचे पत्र आले. त्यानंतर त्याने शिक्षण सोडून एका नर्सरीत रोपांचे काम केले. नाशिकजवळ त्याच्या आजोबांची द्राक्षबाग आहे. झाडांची ओढ बहुधा तिकडूनच आली असावी. शिकायचे तर हेच, असे ठरवून त्याने शेजारच्या गावातल्या दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातले. तिथे त्याचे ग्रेड चांगले येऊ लागले. मात्र पहिल्या कॉलेजचा विषय निघाला की तो टेबलावरून उठून जाई. काही हितचिंतकांनी तर ते कॉलेज अर्जात दाखवूच नका, असा सल्ला दिला होता.

अनेक वर्षे कॉलेजात समुपदेशक असलेल्या तुम्ही आमच्याकडे आलात आणि दोन्ही कॉलेजांच्या ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व विषयांच्या ग्रेडची पत्रके, जेवणाच्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवायला सांगितल्यात. मग पट्टी ठेवून, पेन्सिलीने खुणा करत, एकेक ओळ मोठ्याने वाचलीत. एफ आला तिथे तुमचा आवाज बदलला नाही, ए आला तिथेही नाही. मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा शेवटपर्यंत बसून राहिला. वाचून झाल्यावर तुमचे पहिले वाक्य होते, "दोन्ही कॉलेजे अर्जात जाणार." आधी शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची नोंद युनिव्हर्सिटी मागते आणि एखादी दडवलेली नोंद नंतर उघड झाली तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो, हे तुम्ही आम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितलेत. सल्ला देणाऱ्या इतक्या लोकांपैकी कोणालाही हे माहीत नव्हते, याचे मला आजही नवल वाटते.

त्यानंतर तुम्ही हिशेब मांडलात. त्याला रसायनशास्त्राची पाच, प्रोग्रामिंगची चार आणि इतिहासाची तीन, अशा एकूण 12 युनिटांवर (श्रेयांकांवर) एफ होता. बाकीच्या 48 युनिटांची सरासरी 3.5 आणली, तरी ही 12 युनिटे त्यात मिसळल्यावर ती 2.8 वर येते. म्हणजे नुसते पुढे चांगले शिकून भागणार नव्हते, मागचेही मार्गी लावायला हवे होते, आणि त्यासाठी कॅलिफोर्नियाच्या नियमांमध्ये दोन वाटा आहेत. नापास झालेला विषय पुन्हा घेतला तर नवा ग्रेड धरला जातो. तसेच काही काळ सातत्याने चांगले ग्रेड मिळवून दाखवले, तर विद्यार्थी कॉलेजकडे अॅकॅडेमिक रिन्यूअलचा अर्ज करू शकतो. तो मंजूर झाला की ते जुने ग्रेड सरासरीतून वगळले जातात. त्याच्या अटी प्रत्येक कॉलेजच्या वेगळ्या असतात, म्हणून तुम्ही पहिल्या कॉलेजचा कॅटलॉग काढून तेवढे पान त्याला वाचायला लावलेत. वगळलेला ग्रेड ट्रान्सक्रिप्टवरून पुसला जात नाही, शेजारी तशी टीप लागते आणि मूळ नोंद वाचता येते, हेही तुम्ही आवर्जून सांगितलेत. आमच्या मुलाला याच गोष्टीने धीर आला. काही लपवायचे नाही आणि तरीही पुढे जाता येते, ही गोष्ट त्याला तोवर कोणी सांगितलीच नव्हती.

प्रोग्रामिंग आणि इतिहास यांच्यासाठी रिन्यूअल, पण रसायनशास्त्र मात्र पुन्हा घ्यायचे, कारण प्लांट सायन्सेसला ते लागतेच, असा तुमचा निर्णय होता. आणि ते त्याच पहिल्या कॉलेजात, त्याच प्रयोगशाळेत घ्यायचे, म्हणजे कोणती नोंद कशाच्या जागी धरायची हा प्रश्नच उद्भवणार नाही. तो तिथे जायला तयार नव्हता. तुम्ही त्याच्यावर रागावला नाहीत आणि तुमचे म्हणणे मागेही घेतले नाहीत. पहिल्या दिवशी तुम्ही त्याला गाडीने सोडायला गेलात आणि तास संपेपर्यंत लायब्ररीत थांबलात, हे आम्हाला त्याच्याकडून फार नंतर कळले. या एका गोष्टीसाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन.

आम्ही दोघे पुण्यात शिकलो. पहिल्या वर्षी जे कॉलेज मिळाले त्यावर पुढचे सगळे ठरते, हीच समजूत घेऊन आम्ही इथे आलो होतो. कॅलिफोर्नियाची रचना वेगळी आहे, हे तुम्ही आम्हाला शांतपणे समजावलेत: 1960 च्या मास्टर प्लॅनने, म्हणजे राज्याच्या उच्च शिक्षणाच्या आराखड्याने, कम्युनिटी कॉलेजे सर्वांसाठी खुली ठेवली आणि तिथून चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जाण्याची वाट मुद्दाम आखली. आज राज्यात अशी 116 कॉलेजे आहेत. पहिल्या वर्षाला दोन विद्यार्थी घेतले तर ट्रान्सफरने, म्हणजे या वाटेने, एक घ्यावा, असे युनिव्हर्सिटीचे उद्दिष्ट आहे. तेव्हा ही मागच्या दाराची वाट आहे असे कोणी म्हणाले, तर ते वस्तुस्थितीला धरून नाही.

असिस्ट या संकेतस्थळावर कोणत्या कॉलेजचा कोणता विषय डेव्हिसच्या कोणत्या विषयाच्या तोडीचा मानतात, हे पाहून तुम्ही त्याच्याकडून प्रत्येक सत्राचा आराखडा करून घेतलात. तो त्यानेच करायचा, तुम्ही फक्त तपासायचा, हा तुमचा शिरस्ता होता. प्रवेशाची लेखी हमी देणारा टॅग करार युनिव्हर्सिटीचे सहाच कॅम्पस करतात, विद्यार्थ्याला त्यांतला एकच निवडता येतो आणि त्याचा अर्ज सप्टेंबर महिन्यातच भरावा लागतो, हे तुम्ही वर्षभर आधी सांगितले नसते तर आमच्या हातून तो महिना निघून गेला असता. प्रत्येक टप्प्यावर तुम्ही त्याला लेखी प्रश्न देऊन कॉलेजच्या समुपदेशकांकडे पाठवलेत. तुम्ही स्वतः अनेक वर्षे त्या खुर्चीत बसलेल्या असूनही, नियम दरवर्षी बदलतात आणि शेवटचा शब्द त्यांचा, ही मर्यादा तुम्ही कधी ओलांडली नाहीत.

अर्जात शैक्षणिक इतिहासाविषयी लिहायला थोडी जागा असते. त्याने पहिल्या वर्षाबद्दल बरेच काही लिहून आणले होते. काय घडले, त्यानंतर काय केले आणि आज ग्रेड काय आहेत, एवढेच ठेवून बाकीचे तुम्ही त्याच्याकडूनच काढवलेत. जे उरले ते मी वाचले. माझ्या मुलाने स्वतःबद्दल इतके सरळ लिहिलेले मी कधी पाहिले नव्हते. जानेवारीत ताजे ग्रेड कळवायचा फॉर्म भरायची आठवणही तुम्हीच केलीत.

या सगळ्याचे तुम्ही कधी एक पैसाही घेतला नाहीत. मी एकदा विषय काढला, तेव्हा तुम्ही त्याच्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या परीक्षेची तारीख विचारून तो बदललात. म्हणून मी इथे पैशांचे बोलत नाही. आमच्या घरात जी गोष्ट दबक्या आवाजात बोलली जायची, तिच्याविषयी आता आम्ही तिघे मोकळेपणाने बोलतो. हे तुमच्यामुळे घडले, आणि त्याबद्दल मी आणि माझे यजमान तुमचे मनापासून आभार मानतो.

थँक्सगिव्हिंगला तो घरी येणार आहे आणि सर्वांत आधी मावशींकडे जायचे, असे त्याने आत्ताच सांगून ठेवले आहे. तुमच्या गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे, तेव्हा कृपा करून स्वयंपाकाचा घाट घालू नये. डबा आम्ही घेऊन येतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एका विद्यार्थ्याची आई